पुरवणी

बातमी आली तेव्हा मी सावद्याला, वजनकाट्यापाशी.
ट्रकात केळीचा शेवटचा थर लागत होता,
वर वाळली पानं पसरायची बाकी.
वापीहून हेमराज नेहेतेचा फोन, पाळी सुटल्या सुटल्या:
"पुरवणी येऊन राहिली, भो.
एकोणीस वर्षांनी.
आणि नकाशात तापी आहे."

परीक्षेत पुरवणी मागणारा आमच्यात तो एकटाच होता.
बाकीचे आम्ही मुख्य पेपरातच आटोपायचो.

फैजपूरला, खताच्या दुकानामागे, चार कॉम्प्युटर,
तासाला दहा रुपये, युरियाचा वास,
गल्ल्यावर मुकुंदा फिरकेचा मोठा भाऊ.
तिथे आम्ही रोम जाळलं, बगदाद वसवलं,
पडद्यावरच्या गावकऱ्यांना लाकडं तोडायला जुंपून
स्वतः शेव-मुरमुरे खात बसलो.
त्या खेळात "थांब जरा" नसतं.
तुम्ही विचार करता तोवर शेजारच्याचं युग बदलतं.
थांबवायचं ते फक्त वीज मंडळ:
दुपारी दोनला चारही साम्राज्यं एकदम काळी,
आणि कोण जिंकत होतं यावर
सहा वाजेपर्यंत भांडण.
काही भांडणं अजून मिटलेली नाहीत.

आता अठरा जण आहोत. चोपडा, रावेर, शहादा,
एक मस्कतला, त्याचा शनिवार दीड तास उशिरा उगवतो.
त्या रात्री कोणी झोपलं नाही.
दाखवलेलं एकच चित्र मोठं करकरून
हत्तीच्या पायातले तोडे मोजले.
गावकरी केळी लावणार म्हणे:
लाकूड साठ, अन्न तीनशे,
घड कापला की बुडातून पील, फुकट.
मुकुंदा भडकला.
"त्या शतकात इथे केळीचे मळे कुठले?
ज्वारी दाखवा. कापूस दाखवा."
त्याच्या घरची चौथी पिढी केळीवर जगते,
पण इतिहास म्हणजे इतिहास.

लियाकत तडवी बराच वेळ गप्प होता.
मग त्याने यादीतलं एक नाव वाचून दाखवलं, हळू:
रानातला तिरंदाज.
अन्न पंचवीस, लाकूड पस्तीस.
घोड्यापुढे कमजोर.
झाडांत उभा असेल तर दिसत नाही.
"स्वस्तात लावलं आम्हाला," तो म्हणाला.
पुन्हा एकदा वाचलं.
"पण शेवटची ओळ बरोबर लिहिली, भो."
त्यावर कोणी काही बोललं नाही.
मी उगाच ट्रकचा नंबर पुन्हा लिहून घेतला.

रविवारी तीन मोटारसायकली काढून थाळनेर गाठलं.
हेमराज फक्त त्यासाठी वापीहून आलेला, डोळे लाल.
चित्रात चार बुरूज, निशाण, दरवाजात भालदार.
समोर तापी, खचलेली भिंत,
भिंतीवर जुन्या लुगड्यावर वाळत घातलेले उडदाचे पापड.
मला बुरूज अडीच सापडले.
मुकुंदा म्हणाला दोन, तो अर्धा नंतरचा.
राखणीला बसलेल्या बाईने विचारलं,
"काय देखी राहिनात?"
"किल्ला," हेमराज म्हणाला.
तिने मान वळवून पाहिलं,
जसा काही आत्ताच कोणी आणून ठेवला असावा.
मग म्हणाली, "पापडले हात लावू नका."

सतरा तारखेला येते आहे.
माझ्या कॉम्प्युटरला ती पेलणार नाही,
मुकुंदाचा पुतण्या त्याचा देतो म्हणाला, एका रात्रीपुरता.
आणि त्या आठवड्यात आमच्या फिडरला वीज रात्रीची,
बारा ते आठ.
बायको म्हणाली, "मग मोटारीच्या खोलीतच मांडा तुमचं राज्य,
पाणीही होईल भरून."
तेच ठरलं.
एका भिंतीला स्टार्टर, दुसरीला ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं,
पडदा ठेवायला खताच्या गोण्या.
पुन्हा तोच वास.
पाळ्या ठरल्या, रंग वाटले,
हिरवा लियाकतने आधीच घेतला.
वर सांगून ठेवलंय:
रानाच्या कडेला कोणी गाव वसवू नका.